छपरावरील अँटेना : एका साध्या साधनाचा इतिहास



राजेलोकांच्या आणि लढायांच्या इतिहासांत ज्यांची नोंद होत नाहीं, परंतु ज्यांच्यावांचून गेल्या शतकांतील घरगुती जीवनाची कल्पनाच करतां येत नाहीं, अशीं कांहीं साधनें आहेत. घराच्या छपरावर उभा असणारा दूरचित्रवाणीचा अँटेना हें त्यांपैकीं एक होय. एक उभी नळी, तिच्यावर एक आडवा दांडा, आणि त्या दांड्याला ओळीनें बसविलेल्या ॲल्युमिनियमच्या पांच-सात सळ्या, एवढाच त्याचा संसार. त्यांत चाक नाहीं, तेल नाहीं. त्याला विजेची जोडणीहि लागत नाहीं. ऊनपाऊस सोशीत आणि कावळ्यांना बसावयास जागा देत तो वर्षानुवर्षें उभा असतो, आणि आकाशांतून जाणाऱ्या असंख्य लहरींपैकीं आपल्याला हवी तेवढीच लहर निवडून खालीं घरांत आणून सोडतो. हें साधन कोणीं व कसें शोधिलें, दूरचित्रवाणी डिजिटल झाल्यावर त्याचें काय झालें, आणि त्याच्या इतिहासांतून आपण कोणता बोध घ्यावयाचा, या तीन प्रश्नांचा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

या कथेचा आरंभ गणितांत झाला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञानें १८६५ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, विद्युत् आणि चुंबकत्व यांच्या संयोगानें लहरी उत्पन्न होतात आणि त्या प्रकाशाच्याच वेगानें प्रवास करितात. हें सर्व कागदावर होतें. तें प्रत्यक्ष करून दाखविण्याचें श्रेय जर्मनींतील हाइनरिख हर्ट्झ याचें. कार्ल्सरूह येथील आपल्या प्रयोगशाळेंत त्यानें १८८६ ते १८८८ या काळांत एक साधी मांडणी केली. धातूच्या दोन दांड्या समोरासमोर ठेवून त्यांच्या मधल्या फटींत विजेची ठिणगी पाडावयाची, आणि कांहीं अंतरावर तारेचें एक कडें धरून त्याच्या बारीकशा फटींत ठिणगी उमटते कीं काय हें पाहावयाचें. दोहोंच्या मध्यें कोणतीहि तार नसतां ती ठिणगी उमटली. त्या दोन दांड्या म्हणजे पहिला प्रक्षेपक अँटेना आणि तें कडें म्हणजे पहिला ग्राहक अँटेना, असें म्हणावयास हरकत नाहीं. हर्ट्झ १८९४ सालच्या पहिल्याच दिवशीं, अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं, निवर्तला. आज मात्र जगांतील प्रत्येक केंद्राची कंपनसंख्या त्याच्याच नांवानें मोजली जाते.

आपल्या देशाचाहि या आरंभाशीं निकटचा संबंध आहे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास अवघ्या कांहीं मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले, आणि १८९७ च्या जानेवारींत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्यांविषयीं व्याख्यान दिलें. त्यांनीं वापरलेलें कर्ण्याच्या आकाराचें साधन आज जगभर वापरांत असलेल्या एका जातीच्या अँटेनाचें पूर्वज आहे. परंतु त्या काळीं जगाचें लक्ष लांब लहरींकडे आणि लांब अंतरांकडे होतें. मार्कोनीनें १२ डिसेंबर १९०१ रोजीं न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर पतंगाला सुमारें ५०० फूट तार बांधून ती आकाशांत चढविली, आणि अटलांटिक महासागरापलीकडून आलेला संकेत ऐकल्याचें जाहीर केलें. अँटेना हा शब्दहि समुद्रावरचाच आहे. लॅटिन भाषेंत जहाजाचें शीड ज्या आडव्या दांड्याला बांधतात त्याला तें नांव होतें. शिडाचा दांडा वारा पकडतो, हा दांडा लहरी पकडतो; नांव मोठें समर्पक आहे.

आतां आपल्या छपरावरील दांड्याकडे वळूं. त्याचा जन्म जपानांतील सेंडाइ शहरीं झाला. तेथील तोहोकु विद्यापीठांत हिदेत्सुगु यागी हे प्राध्यापक होते आणि शिंतारो उडा हे त्यांचे सहकारी. उडा यांनीं १९२६ सालापासून जपानी भाषेंत या विषयावर एकामागून एक निबंध लिहिले. यागी यांनीं आपल्या नांवानें पेटंट घेतलें व १९२८ सालीं अमेरिकेंतील नियतकालिकांत इंग्रजींत लेख प्रसिद्ध केला. त्यामुळें जगानें या साधनाला ‘यागी अँटेना’ असें नांव दिलें, आणि प्रत्यक्ष प्रयोगांचा मोठा भार ज्यानें वाहिला त्या उडाचें नांव मागें पडलें. अलीकडे ग्रंथकार ‘यागी-उडा’ असा जोडीनें उल्लेख करितात, तोच न्यायाचा होय. हेच उडा १९५० नंतरच्या दशकांत नव्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत तज्ज्ञ म्हणून काम करीत होते, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

या साधनाची युक्ति समजावयास कठीण नाहीं. त्यांतील एकाच सळीला तार जोडलेली असते. तिची लांबी लहरीच्या लांबीच्या सुमारें निम्मी असते. तिच्या मागें किंचित् लांब अशी एक सळी असते, तिला परावर्तक म्हणावें. आणि पुढें किंचित् आंखूड अशा एक किंवा अनेक सळ्या असतात, त्यांना दिग्दर्शक म्हणावें. या मागच्या-पुढच्या सळ्यांना कोणतीहि तार जोडलेली नसते, म्हणून अज्ञ माणसाला त्या केवळ शोभेच्या वाटतात. वस्तुतः लहर येऊन आदळली कीं त्यांतहि विद्युत् प्रवाह उत्पन्न होतो आणि त्या स्वतःच लहरी फेंकूं लागतात. लांबींतील फरकामुळें एकीच्या लहरीचें पाऊल थोडें मागें पडतें, दुसरीच्या लहरीचें थोडें पुढें. परिणाम असा होतो कीं, समोरून येणारी लहर मुख्य सळीवर पोंचतांना या सर्वजणी मिळून तिला पुष्टि देतात, आणि मागून येणारी लहर परस्परविरोधानें क्षीण होते. दूरचें बोलणें ऐकूं यावें म्हणून म्हातारा माणूस कानामागें तळहात धरितो. हा अँटेना तेंच करितो.

सळीची लांबी ठरविण्याचें गणित शाळेंतल्या मुलालाहि करतां येईल. लहरीचा वेग सेकंदाला ३ लक्ष किलोमीटर. ज्या केंद्राची कंपनसंख्या २०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २० कोटि, त्याच्या लहरीची लांबी भागाकारानें दीड मीटर येते. म्हणून मुख्य सळी सुमारें पाऊण मीटरची. कंपनसंख्या ६०० मेगाहर्ट्झ असेल तर लहर अर्ध्या मीटरची आणि सळी पाव मीटरची, म्हणजे साधारण एक वीत. कंपनसंख्या जितकी मोठी तितका अँटेना लहान, हा नियम श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचा उपयोग होणार आहे.

जपानांत मात्र या शोधाची उपेक्षा झाली. इंग्लंड-अमेरिकेंत त्याचें मोल ओळखलें गेलें व तो रडार यंत्रांत बसविला गेला. फेब्रुवारी १९४२ मध्यें सिंगापूर पडलें, तेव्हां जपानी अधिकाऱ्यांच्या हातीं इंग्रजांच्या रडारविषयींचे कांहीं टिपणाचे कागद लागले. त्यांत ‘यागी’ हा शब्द पुनः पुनः आलेला होता. त्याचा अर्थ त्यांना लागेना. शेवटीं एका इंग्रज कैद्याला विचारिलें, तेव्हां त्यानें आश्चर्यानें उत्तर दिलें कीं, हें तर तुमच्याच देशांतील शोधकाचें नांव! या उपेक्षेचा कळस पुढें झाला. १९४५ च्या ऑगस्टांत हिरोशिमावर पडलेल्या बाँबमध्यें जमिनीपासूनची उंची मोजण्यासाठीं जें रडार बसविलें होतें, त्यालाहि यागी अँटेनाच होते. शोध ज्या भूमींत झाला तिच्यावरच तो असा उलटून यावा, यापरतें दैवदुर्विलसित तें कोणतें?

युद्ध संपलें आणि हा अँटेना शस्त्रागारांतून सुटून सामान्य माणसाच्या छपरावर आला. लंडनमध्यें बीबीसीनें दूरचित्रवाणीची नियमित सेवा २ नोव्हेंबर १९३६ रोजींच सुरू केली होती. तिची कंपनसंख्या ४५ मेगाहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी सुमारें पावणेसात मीटर. म्हणून तेथील घरांच्या धुराड्यांवर दहा-दहा फूट उंचीच्या सळ्यांचे, इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचे अँटेना दिसूं लागले. राणी एलिझाबेथ हिचा २ जून १९५३ रोजींचा राज्याभिषेक इंग्लंडांत सुमारें दोन कोटि लोकांनीं पडद्यावर पाहिला. त्यानंतर छपरावरील अँटेना ही तेथें मध्यम वर्गाच्या प्रतिष्ठेची खूण होऊन बसली.

आपल्याकडे दूरचित्रवाणीचा प्रयोग दिल्लींत १५ सप्टेंबर १९५९ रोजीं सुरू झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं आलें. त्यानंतर सिंहगडावर मनोरा उभा राहिला, आणि पुणेंकरांच्या घरोघरचे अँटेना नैर्ऋत्येकडे तोंड करून उभे राहिले. ज्या गडाचें नांव १६७० सालच्या तानाजीच्या पराक्रमानें घराघरांत पोंचलें होतें, त्याच गडावरून आतां घराघरांत चित्रें येऊं लागलीं. उंच जागेचें महत्त्व किल्लेदारालाहि ठाऊक होतें आणि इंजिनियरलाहि. कारण या लहरी प्रकाशाप्रमाणें बहुतांशीं सरळ रेषेंत जातात, आणि मनोऱ्याला जेवढा मुलूख दिसतो तेवढाच त्याच्या राज्यांत येतो.

खेड्यांचा प्रश्न याहून कठीण होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षांत अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेऊन भारतीय अवकाश संशोधन संस्थेनें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत थेट आकाशांतून कार्यक्रम उतरविले. त्यासाठीं प्रत्येक खेड्यांत तीन मीटर व्यासाची छत्री उभारिली होती, आणि ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची होती. गरीब देशानें मोठें काम अल्प खर्चांत कसें करावें, याचा तो वस्तुपाठच होय.

पुढें १५ ऑगस्ट १९८२ रोजीं राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण सुरू झालें, आणि पाठोपाठ लहान शक्तीचीं प्रक्षेपण केंद्रें गांवोगांवीं उभीं राहिलीं. जानेवारी १९८७ पासून रविवारीं सकाळीं ‘रामायण’ लागे, तेव्हां रस्ते ओस पडत. त्या दिवसांत प्रत्येक चाळींत एक संवाद ठरलेला असे. एकजण गच्चीवर जाऊन दांडा फिरवी, दुसरा जिन्यांत उभा राही, तिसरा पडद्यासमोर. “आलें का?” “थोडें उजवीकडे!” “आतां मुंग्या आल्या!” “हां, राहूं द्या तसेंच!” वाऱ्यानें दांडा फिरला कीं हा संवाद पुन्हां पहिल्यापासून. ज्यांच्या घरीं संच नसे तेहि शेजाऱ्याकडे येऊन बसत. त्या तीन-चार मुखांच्या संवादांत एक मोठें तत्त्व दडलेलें होतें, त्याकडे मी शेवटीं येईन.

आतां डिजिटल पद्धति म्हणजे काय तें पाहूं. जुन्या पद्धतींत चित्रांतील उजेड-अंधाराप्रमाणें लहरीची ताकद कमी-अधिक होई. वाटेंत जो कांहीं बिघाड होई तो जसाच्या तसा पडद्यावर उमटे. लहर दुबळी झाली तर मुंग्या दिसत. एखाद्या उंच इमारतीवर आपटून तीच लहर थोड्या उशिरानें पोंचली तर प्रत्येक माणसाशेजारीं त्याची फिकट सावली उभी राही. नव्या पद्धतींत चित्राचें आणि ध्वनीचें प्रथम आंकड्यांत, म्हणजे शून्य आणि एक यांच्या माळेंत, रूपांतर करितात. एका दृश्यांतून दुसऱ्या दृश्यांत जें बदलत नाहीं तें पुनः पुनः न पाठवितां गाळतात. त्यामुळें पूर्वी जेवढ्या जागेंत एक कार्यक्रम मावे तेवढ्याच जागेंत आतां अनेक कार्यक्रम मावतात. शिवाय त्या माळेंत कांहीं जादा आंकडे मुद्दाम घातलेले असतात. पत्रांतील एखादें अक्षर पुसलें गेलें तरी मागच्या-पुढच्या शब्दांवरून तें आपण ओळखतों, तद्वत् या जादा आंकड्यांवरून संच हरवलेला आंकडा शोधून काढतो.

याचा परिणाम मोठा चमत्कारिक होतो. जुन्या पद्धतींत लहर दुबळी होत गेली कीं चित्रहि हळूहळू बिघडे. तरी पाहणारा डोळे ताणून पाही. नव्या पद्धतींत एका मर्यादेपर्यंत चित्र निर्दोष राहतें, आणि मर्यादा ओलांडली कीं एकदम चौकोनी तुकडे होऊन थिजतें किंवा नाहींसें होतें. शाळामास्तरच्या भाषेंत सांगावयाचें तर जुनी पद्धति शंभरांपैकीं गुण देणारी होती. नवी पद्धति केवळ उत्तीर्ण कीं अनुत्तीर्ण एवढेंच सांगते. म्हणून जो अँटेना पूर्वी कामचलाऊ ठरे तो आतां अगदीं निरुपयोगी ठरूं शकतो, आणि दोन हात उंच चढविलेला तोच अँटेना पूर्ण निर्दोष चित्र देऊं शकतो.

जुनी पद्धति बंद करून नवी सुरू करण्याचें काम अनेक राष्ट्रांनीं केलें. बर्लिन शहरानें ऑगस्ट २००३ मध्यें पहिलें पाऊल टाकिलें. लक्झेंबर्ग व नेदरलंड्स या देशांनीं २००६ सालीं, तर ब्रिटननें २००७ पासून टप्प्याटप्प्यानें जात २४ ऑक्टोबर २०१२ रोजीं तें पूर्ण केलें. परंतु या संक्रमणांत काय काय घडतें तें पाहावयाचें तर अमेरिकेचें उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे.

अमेरिकेच्या कायदेमंडळानें १७ फेब्रुवारी २००९ ही अखेरची तारीख ठरविली. जुने संच एकाएकीं आंधळे होऊं नयेत म्हणून आंकड्यांचें पुन्हां जुन्या चित्रांत रूपांतर करणारी एक लहान पेटी बाजारांत आली, आणि सरकारनें प्रत्येक मागणाऱ्या कुटुंबाला प्रत्येकी ४० डॉलरांचीं दोन कुपनें देऊं केलीं. ८ सप्टेंबर २००८ रोजीं नॉर्थ कॅरोलायनांतील विल्मिंग्टन शहरांत रंगीत तालीम झाली. हवाई बेटांत १५ जानेवारी २००९ रोजींच बदल करण्यांत आला. त्याचें एक कारण मौजेचें आहे. हालेआकाला पर्वतावरील जुने मनोरे पाडावयाचे होते, आणि तें काम तेथील दुर्मिळ समुद्रपक्ष्यांचा घरटीं करण्याचा काळ लागण्यापूर्वीं उरकणें अवश्य होतें. मुख्य भूमीवर मात्र निराळीच अडचण आली. कुपनांसाठीं ठेविलेला पैसा संपला आणि लाखों अर्ज वाट पाहत राहिले. त्यांत वृद्ध, गरीब आणि खेड्यांत राहणारे लोक पुष्कळ होते, कारण केवळ अँटेनावर विसंबून असणारा वर्ग प्रायः तोच. तेव्हां नव्या कायद्यानें तारीख पुढें ढकलली, आणि १२ जून २००९ रोजीं पूर्ण शक्तीच्या केंद्रांचें जुनें प्रक्षेपण बंद झालें.

त्या दिवसानंतर एक विलक्षण प्रकार घडला. ‘डिजिटल अँटेना’ या नांवाखालीं व्यापाऱ्यांनीं टेबलावर ठेवावयाचीं लहान लहान साधनें पुष्कळ खपविलीं होतीं. वास्तविक डिजिटल अँटेना अशी कांहीं वस्तुच नाहीं. सळीला आंकडे कळत नाहींत आणि चित्रहि कळत नाहीं. तिला फक्त लहरीची लांबी कळते. संक्रमणाच्या काळांत बहुतेक नवीं प्रक्षेपणें आंखूड लहरींवर होत असल्यानें तीं लहान साधनें चालून गेलीं. परंतु १२ जूनला फिलाडेल्फियाच्या एका केंद्रानें आपल्या जुन्या सहाव्या व शिकागोच्या एका केंद्रानें आपल्या जुन्या सातव्या स्थानावर डिजिटल प्रक्षेपण हलविलें. सहाव्या स्थानाची लहर साडेतीन मीटर लांब! तिला पाऊण-दोन हातांची सळी हवी असें नव्हे, तर जवळजवळ दोन मीटरांची. साहजिकच असंख्य घरांतून तें केंद्र नाहींसें झालें आणि तक्रारींचा पूर आला. ज्यांनीं छपरावरचा जुना मोठा अँटेना टाकून दिला नव्हता त्यांचे मात्र हाल झाले नाहींत. हर्ट्झच्या काळीं जो नियम होता तोच २००९ सालींहि होता, आणि जाहिरातीनें तो बदलत नाहीं.

या बदलांतून मोकळी झालेली जागा सरकारनें दूरध्वनी कंपन्यांना विकली; २००८ सालच्या लिलावांत सुमारें १९ अब्ज डॉलर आले. हवेंतील अदृश्य जागेला एवढी किंमत येते हें कळल्यावर अँटेनाच्या प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. तो आतां केवळ सळ्यांचा प्रश्न राहिला नाहीं. आकाश कोणाचें, असा तो प्रश्न झाला.

त्याचीं दोन उदाहरणें सांगतों. अमेरिकेंतील अनेक वसाहतींच्या मंडळांनीं ‘अँटेनामुळें घरांची शोभा जाते’ म्हणून ते लावण्यास बंदी घातली होती. १९९६ सालच्या दूरसंचार कायद्यानुसार केलेल्या नियमानें ही बंदी रद्द ठरविली. आपल्या मालकीच्या वा केवळ आपल्याच वापराच्या जागेंत दूरचित्रवाणीचा अँटेना लावण्याचा कुटुंबाचा हक्क मान्य झाला. दुसरें उदाहरण एरियो नांवाच्या कंपनीचें. २०१२ सालीं न्यूयॉर्क शहरांत तिनें नाण्याएवढे हजारों अँटेना एका ठिकाणीं बसविले, आणि प्रत्येक वर्गणीदाराला त्यांतील एक भाड्यानें देऊन त्यानें पकडलेलें चित्र इंटरनेटनें घरपोंच करूं लागली. तिचें म्हणणें असें कीं, आम्ही केवळ गिऱ्हाइकाचा अँटेना आमच्या छपरावर ठेवितों. २५ जून २०१४ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं हें म्हणणें फेटाळलें आणि त्याच वर्षीं कंपनीचें दिवाळें वाजलें. दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे निष्कर्ष स्पष्ट होतो. स्वतःच्या घरासाठीं आकाशांतून घेणें हा नागरिकाचा हक्क. तें घेऊन दुसऱ्यास विकणें हा मात्र व्यापार, आणि त्याला व्यापाराचे नियम लागू.

जपानचें जुनें प्रक्षेपण २४ जुलै २०११ रोजीं बंद झालें. परंतु त्याच वर्षीं ११ मार्चला झालेल्या भूकंपानें व समुद्राच्या लाटेनें उद्ध्वस्त झालेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना ३१ मार्च २०१२ पर्यंत मुदत देण्यांत आली. ज्या सेंडाइ शहरीं यागी-उडा अँटेना जन्मला तें याच मियागी प्रांतांत आहे. संकटांत सांपडलेल्या माणसाकडे असलेला जुना संच एकाएकीं निरुपयोगी करूं नये, हा विवेक तेथील सरकारनें दाखविला. तो स्मरणांत ठेवण्यासारखा आहे.

आपल्या देशांत क्रम निराळा लागला. १९९१ नंतर केबल आली, २००३ पासून घराघरांवर उपग्रहाच्या छत्र्या आल्या, आणि छपरावरील सळ्यांचे दिवस भरत आले. दूरदर्शननें फेब्रुवारी २०१६ मध्यें मुंबई व औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, यांसह सोळा शहरांत जमिनीवरील मनोऱ्यांवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलें. पण तें पकडणारे संच घरोघर नव्हते. २०२१ सालीं प्रसार भारतीनें जाहीर केलें कीं, मोक्याच्या ठिकाणचीं सुमारें ५० केंद्रें वगळून उरलेलीं जुन्या पद्धतीचीं प्रक्षेपण केंद्रें ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. खर्चाच्या दृष्टीनें या निर्णयाला दोष देतां येणार नाहीं. पाहणारे उरले नव्हते, आणि मासिक वर्गणीवांचून उपग्रहावरून कार्यक्रम देणारी दूरदर्शनची सेवा उपलब्ध होती. तथापि ज्याला कांहीं हिरावून घ्यावयाचें त्याला पर्याय आधीं हातीं द्यावयाचा, ही मर्यादा अशा प्रत्येक निर्णयाला असली पाहिजे. अमेरिकेनें कुपनें दिलीं, जपाननें मुदत दिली. दोन्हींचें मर्म एकच.

आतां मघाशीं राखून ठेविलेल्या तत्त्वाकडे येतों. दिव्याच्या उजेडांत एकानें वाचलें काय किंवा दहांनीं वाचलें काय, उजेड कमी होत नाहीं. मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरीचें तसेंच आहे. माझ्या छपरावर अँटेना चढला म्हणून शेजाऱ्याच्या वांट्याचें चित्र फिकें होत नाहीं. शिवाय हा अँटेना फक्त घेतो, कांहींहि परत पाठवीत नाहीं. कोण पाहतो, किती वेळ पाहतो, काय पाहून हंसतो वा रडतो, याचा पत्ता मनोऱ्याला लागत नाहीं. आज घरांत येणारें बहुतेक प्रत्येक नवें यंत्र आपल्याकडे पाहत असतें, आपली नोंद ठेवीत असतें आणि दरमहा आपल्याकडून कांहीं मागत असतें. नोंद न ठेवितां आणि वर्गणी न मागतां देणारें असें साधन समाजाच्या हातीं असणें ही सामान्य गोष्ट नव्हे. पूर आला, तारा तुटल्या, इंटरनेट बंद पडलें, तरी जोंवर मनोरा उभा आहे आणि घरांत थोडी वीज आहे, तोंवर सळीवर आलेली बातमी घरांत पोंचते. हा आधार राखावयाचा कीं नाहीं याचा निर्णय केवळ लिलावाच्या आंकड्यांवरून होऊं नये.

आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें-नातवंडें आज अमेरिकेंत वा इंग्लंडांत नांदत आहेत, आणि तेथें ही पद्धति पूर्ण जोमांत चालू आहे. त्यांच्यासाठीं या इतिहासाचें सार चार वाक्यांत सांगून पुरें करितों. मनोरा कोणत्या दिशेला व किती दूर आहे तें आधीं पाहावें. तेथील केंद्रांच्या लहरी लांब आहेत कीं आंखूड, हें समजून त्या मापाचा अँटेना घ्यावा; वेष्टनावरील ‘डिजिटल’ या शब्दासाठीं एक पैसाहि अधिक देऊं नये. शक्य तितक्या उंचावर आणि शक्यतों भिंतींच्या बाहेर तो लावावा. आणि केंद्रें आपलीं स्थानें बदलतात, म्हणून संचाकडून त्यांचा शोध अधूनमधून पुनः करवावा. एवढें केलें कीं मॅक्सवेलचें गणित, हर्ट्झची ठिणगी आणि सेंडाइच्या त्या दोन शोधकांचे कष्ट त्या घरीं, एका पैशाच्याहि वर्गणीवांचून, रोज फळास येतील.